हणमंतचा डबा

सातारा, सोमवार, ९ सप्टेंबर १९७४

प्राचार्यांनी वसतिगृहातल्या मुलांच्या अडचणी ऐकायचं काम माझ्या गळ्यात घातलं, पण ऐकायचं कसं ते कुणी सांगितलं नाही. हणमंत वर्गात गप्प असतो, झोपत नाही, हे महिन्यापासून ठाऊक होतं. तरी मी निर्धास्त. का, तर त्याची आई उंब्रजहून रोज सकाळच्या एसटीनं डबा पाठवते आणि तो संध्याकाळी रिकामा परत जातो. जेवतोय म्हणजे पोरगं ठीक आहे! काय ही माझी अक्कल.

आज तो नळामागं कुत्र्याला भाकरी घालताना दिसला. मी चिडलोच. तर म्हणतो, "सर, घासच उतरत न्हाई. पन डबा भरल्याला गेला तर आई बी जेवायची न्हाई. तिला सांगू नगासा."

"उतरत का नाही?"

"कळत न्हाई सर."

मलाही कळत नाही. सांगणार नाही, असा शब्द मात्र देऊन बसलो.

आणि मग काय केलं? उरलेल्या दोन भाकऱ्या डब्यात ठेवल्या, झाकण लावलं, त्याच्याबरोबर स्टँडवर जाऊन डबा कंडक्टरच्या हातात दिला. हणमंत नुसता बघत होता. अडवलं नाही त्यानं. का नसेल अडवलं?

एव्हाना तिनं झाकण उघडलं असेल. आज मी दोघांनाही उपाशी ठेवलं की काय?

उद्या सकाळच्या गाडीला मीच जाणार. डबा उतरला तर काय करायचं, आणि आईच उतरली तर काय सांगायचं, दोन्ही ठाऊक नाही.