निनावी पत्रातले छत्तीस मुद्दे

३ तारीख, सोमवार
संकल्प: उर्वरित आयुष्य मानवजातीच्या गोपनीयतेस अर्पण. जुन्या संगणकावर इंटरनेटवरील निनावी जाळ्याचा रिले, म्हणजे निरोपांचा मधला टप्पा, सुरू केला. कोण कुणाला काय लिहितो हे न पाहता पुढे पोचवायचे, एवढेच त्याचे काम. इतका निर्विकार माणूस जाळ्यास दुसरा मिळणे कठीण. संगणकावर चिठ्ठी डकवली: नाव लपवणाऱ्यास नाव विचारू नये.

५ तारीख
जाळ्यातून पत्र कसे धाडावे याचे पत्नीस प्रात्यक्षिक दिले. म्हणजे कुणालाच कळणार नाही ना, असे तिने तीनदा विचारले. माझ्या विषयात इतकी जिज्ञासा लग्नानंतर प्रथमच.

९ तारीख, रविवार
वाचनालयात माझे साप्ताहिक व्याख्यान: ‘संशयाची शिस्त’. काल जेवताना पत्नीस वाचून दाखवले तेव्हा मुद्दे छत्तीस होते. वेळेअभावी एकोणतीसच मांडले. श्रोते सात. दंतवैद्य झोपले. चिंतनाचीही तशी अवस्था असते.

११ तारीख
ग्रंथपालबाईंना निनावी पत्र आले: ‘माणसाला छत्तीस मुद्दे ऐकवणे हा छळ आहे. सरांची व्याख्याने बंद करावीत.’ विचार करावा लागेल सर, असे बाई म्हणाल्या. संशय दंतवैद्यांवर. तत्त्वानुसार विचारले नाही. दाढ दाखवण्याच्या निमित्ताने जाऊन, तोंड उघडे ठेवून, त्यांचा चेहरा न्याहाळला. निष्पन्न काही नाही. दाढ मात्र गेली.

१२ तारीख
पत्रलेखक बेजबाबदार आहे. मुद्दे एकोणतीस होते. ही ढोबळ चूक पत्नीस दाखवली. छत्तीसच होते, मी मोजलेत, असे ती भाजी चिरता चिरता म्हणाली. मग सुरी थांबली.

तीच तारीख, सायंकाळी ६
एकेचाळीस वर्षांचा संसार. रिले माझा, प्रात्यक्षिक माझे, आणि घाव माझ्यावरच. तोंडावर का सांगितले नाहीस, असे विचारले. सांगितलं असतं तर तुम्ही खंडन करत बसला असता, म्हणाली. या विधानाचे सविस्तर खंडन केले. ती मध्येच उठून गेली.

१४ तारीख
व्याख्याने बंद झाली. रिले बंद केला तर तत्त्व मोडते, चालू ठेवला. शिवाय उपयोग सुचला. ‘एक सामान्य श्रोता’ म्हणून ग्रंथपालबाईंना जाळ्यातून निनावी पत्र धाडले: व्याख्याने तत्काळ पूर्ववत करावीत. माग काढणे कुणाच्या बापास शक्य नाही.

१५ तारीख, सकाळी १०
ग्रंथपालबाईंचा फोन. सर, तुमचं पत्र मिळालं, म्हणाल्या. पण चौदा मुद्दे आहेत, वाचायला जरा वेळ लागेल.