वर्षाच्या आतली बातमी

सेंगकांग, सिंगापूर
रविवार, १७ एप्रिल २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर मला अजून नीट बोलता येत नाही. सारंगचं नाव निघालं की आवाज अडकतो आणि तू तिकडे नुसता हॅलो हॅलो करत राहतोस. त्यापेक्षा पत्रं बरी. पाकिटावर सवयीने ‘सौ.’ लिहून तू मग खोडलंस, ते दिसलं. वाईट वाटून घेऊ नकोस. परवा एका फॉर्मवर मीही तेच केलं.

वरुणची शाळेची शेवटची परीक्षा ऑक्टोबरात सुरू होईल. अभ्यास करतो म्हणतो. दारावर थाप मारली की आतून इंग्रजीत उत्तर येतं, तेवढ्यावर समाधान मानायचं. त्याचं गणित सारंग घ्यायचा. आता तो एकटाच करतो आणि अडलं तरी मला सांगत नाही.

पुढे काय, हे तू प्रत्येक पत्रात विचारतोस. वरुणची आई म्हणून मला मिळालेला इथे राहायचा पास त्याची शाळा संपेपर्यंतचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण जुलैत सारंगला जाऊन वर्ष होईल. तोपर्यंत मी पुढचं काही बोलणार नाही. तेवढा वेळ मला दे. वहिनीला नमस्कार, इराला आशीर्वाद. रागावलास तरी लिहीत राहा.

तुझी,
विनू

---

लेस्टर
सोमवार, २ मे २०१६

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

वेळ दिला. आणि रागवायला इथे अंगात त्राणही नाही. ब्रिटनने युरोपच्या संघात राहायचं की बाहेर पडायचं, यावर तेवीस जूनला मतदान आहे. बसस्टॉपवर, देवळात, आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये तोच विषय. ज्याला विचारावं तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग स्वतःचं मत सांगतो.

गंमत बघ. माझा पासपोर्ट अजून भारताचा, तरी कॉमनवेल्थमधला म्हणून मला मत आहे. शेजारच्या पोलिश बाई अकरा वर्षं इथे कर भरतायत, त्यांना नाही. परवा कुंपणावरून म्हणाल्या, माझ्या वाटचंही तुम्हीच द्या. मी हसून त्यांच्या टोमॅटोच्या रोपांची चौकशी केली.

कोपऱ्यावरच्या गुजराती दुकानदाराचं म्हणणं असं की युरोपची माणसं यायची थांबली की आपल्या माणसांना दारं उघडतील. तशा अर्थाचं एक पत्रकही घरी आलं होतं. तुझी वहिनी म्हणाली, स्थळाच्या माहितीतही मुलगा नेहमी उंचच असतो.

इरा दुसऱ्या बाजूची. तिला सप्टेंबरात तिच्या पोर्तुगीज मित्राबरोबर लिस्बनला जायचंय. तिच्याकडे इथला पासपोर्ट आहे, त्यामुळे आज तिथे परवान्याशिवाय नोकरी करता येते. बाहेर पडल्यावर काय होईल ते कुणी सांगू शकत नाही. या मुलीने आजवर माझ्याकडे काही मागितलं नाही. आता म्हणते, बाबा, एवढं एक मत माझ्यासाठी द्या.

पण विनू, तुझं काय? आईबाबा गेले. आता मी जिथे आहे तिथे तुझं माहेर. आज इथे बहिणीला बोलावून ठेवून घेता येत नाही, मी दोन वकिलांना विचारलं. दुकानदार म्हणतो तसं झालं तर कदाचित येईल. तू तोंडाने काही मागणार नाहीस. लहानपणी ताप आला तरी सांगायची नाहीस, आई कपाळाला हात लावून ओळखायची. म्हणून तुझा विचार मलाच करायला हवा.

वरुणला म्हणावं, मामाला एक ओळ तरी मराठीत लिही. जप स्वतःला.

तुझा,
दादा

---

सेंगकांग
रविवार, १५ मे २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू माझ्यासाठी काही करू नकोस. इराने मागितलंय तर तिला दे. एका मताने देश इकडचा तिकडे होत नाही, पण मुलगी दुखावते.

शेजारच्या टॅन अंकलना तुमच्या मतदानाची मोठी उत्सुकता. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, सकाळी खालच्या कॉफी शॉपमध्ये बसतात. मला म्हणाले, तुझा भाऊ नशीबवान. आम्ही मलेशियातून बाहेर पडलो तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. सकाळी रेडिओ लावला तर आपला देश वेगळा झालेला. मग तुम्ही काय केलंत, असं मी विचारलं. म्हणाले, काय करणार ला (इथे वाक्यागणिक हे ‘ला’ लागतं), कामाला गेलो. वरुणने त्यांची नक्कल करून दाखवली. या घरात खूप दिवसांनी कुणीतरी हसलं. मग वरुण उठून खोलीत गेला आणि मी भांडी घासायला घेतली.

इथे सगळं ठीक आहे. मी दिवसभर कामात असते. तू काळजी करतोस त्याचंच मला ओझं होतं, हे रागाने लिहीत नाही. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, मी आठवण काढते.

तुझी,
विनू

---

लेस्टर
शनिवार, ४ जून २०१६

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

‘माझ्यासाठी काही करू नकोस’ हे वाचून हसू आलं. दुसरं तू काय लिहिणार होतीस? अशी वाक्यं लिहिणाऱ्या बहिणीसाठीच काही करावं लागतं.

मला पोस्टाने मत द्यायची सोय आहे. कागद घरी आला तो तीन दिवस तसाच ठेवला होता. काल बाहेर पडण्याच्या चौकटीत फुली मारली, पाकीट बंद केलं आणि कामावर जाताना पेटीत टाकलं. टाकल्यावर हात थोडा वेळ पेटीवरच राहिला. एकदा गेलं की परत घेता येत नाही.

इराने जेवताना विचारलं. मी सांगितलं, तुझ्यासारखंच दिलं. ती उठून आली आणि माझ्या डोक्याला डोकं टेकवलं. ती लहान असताना करायची तसं. वहिनीला खरं माहीत नाही. फक्त तुला लिहितोय. माझ्या हातून मुलीशी हे पहिलं खोटं. पण तिच्यापुढे तिचं आयुष्य आहे, बरोबर मुलगा आहे. तुझ्याबरोबर कोण आहे?

तुझ्यावर ओझं म्हणून लिहिलं नाही. कुणाला तरी सांगायला हवं होतं. फाडून टाक हे.

तुझा,
दादा

---

सेंगकांग
रविवार, १२ जून २०१६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हे पत्र तीन वेळा लिहायला घेतलं. आता सरळ लिहिते.

मला नोकरी लागली आहे. मार्चमध्येच. बुकित बातोकला खाद्यपदार्थ तपासायची एक प्रयोगशाळा आहे, तिथे. लग्नाआधी मी सांगलीत करत होते तसलंच काम. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या स्वतःच्या नावावर नोकरीचा पास झाला. वरुणच्या शाळेवर आता काही अवलंबून नाही. आम्ही इथेच राहणार आहोत. तुला एप्रिलचं पत्र लिहिलं तेव्हा तो पास माझ्या पर्समध्ये होता.

सासूबाईंनी बजावलं होतं की वर्षाच्या आत घरातून कसलीच आनंदाची बातमी बाहेर जाऊ द्यायची नाही. पण नुसतं त्यांच्यावर ढकलणं बरोबर नाही. मलाच सांगवत नव्हतं. सारंग असता तर मी ही नोकरी शोधलीच नसती. पास हातात आला तेव्हा मला आनंद झाला, दादा, आणि त्या आनंदाची इतकी लाज वाटली की मी तो कुणाला दाखवला नाही. वरुणलाही आठ दिवसांनी सांगितलं. वाटलं, वर्षश्राद्ध झालं की लिहीन. तीन महिन्यांनी कुणाचं काय बिघडणार होतं?

तुझ्या मे महिन्याच्या पत्रातच मला दिसलं होतं की तू कुठे चालला आहेस. तेव्हा एक ओळ लिहिली असती तरी पुरलं असतं. मी लिहिलं, काही करू नकोस. तुझी बहीण हे वाक्य नेहमीच लिहिते, हे मला कळायला हवं होतं.

आणि मी तिकडे येणार नव्हतेच. दार उघडं असतं तरी. सारंगच्या अस्थी इथल्या समुद्रात सोडल्या. शनिवारी सकाळी मी तिथवर जाते, बसते आणि परत येते. मला सध्या तेवढंच जमतं.

इराला काय सांगायचं ते तू ठरव. सांगितलंस तर माझं नाव पुढे कर. चूक तुझ्या मायेची नाही, माझ्या गप्प बसण्याची आहे. मला माफ कर असं लिहीत नाही, नाहीतर तू लगेच करशील.

तुझी,
विनू

---

लेस्टर
रविवार, २६ जून २०१६

चि. विनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी आलं, मतदानाच्या आदल्या दिवशी. कारखान्यात नेलं आणि कॅन्टीनमध्ये पुन्हा वाचलं. आजूबाजूला सगळे उद्याचे आकडे सांगत होते. मी पत्र घडी घालून खिशात ठेवलं.

निकाल तुला कळलाच असेल. आमच्या गावात राहू म्हणणारे थोडक्यात जास्त निघाले, पण देशाने बाहेर पडायचं ठरवलं. शुक्रवारी सकाळी कुंपणापाशी पोलिश बाई होत्या. मी नेहमीसारखं गुड मॉर्निंग म्हणालो. त्याही म्हणाल्या. मग त्या आत गेल्या.

इरा माझ्या शेजारी येऊन बसली. रडून झालं होतं. म्हणाली, निदान बाबा, तुम्ही तरी माझ्या बाजूने होतात. विनू, मी गप्प बसू शकलो असतो. पेटीतलं मत कुणाचं, हे कधीच कुणाला कळत नाही. पण तीन दिवस मी तुझंच पत्र वाचत होतो. गप्प बसल्याने काय होतं, ते त्यात लिहिलेलं होतं. मी सांगितलं. तुझं नाव पुढे केलं नाही. का केलं तेवढं सांगितलं.

ती ओरडली नाही. म्हणाली, तुम्ही मत कुणालाही दिलं असतंत तरी मी भांडले असते आणि विसरले असते. पण मी डोकं टेकवलं तेव्हा तुम्ही तसेच बसून राहिलात. मग तिने बॅग भरली आणि संध्याकाळी मैत्रिणीकडे बर्मिंगहॅमला गेली. लिस्बनला आता ऑगस्टमध्येच जाईन म्हणते. ही मुलगी साध्या तोंडी परीक्षेलाही मला नमस्कार केल्याशिवाय निघाली नव्हती. परवा तशीच गेली.

आता तुझं. बातमी चांगली आहे. वाईट वेळी हातात आली म्हणून ती वाईट ठरत नाही. सारंगराव असते तर त्यांनी आधी प्रयोगशाळेचा पत्ता विचारला असता आणि मग बस कुठली ते सांगितलं असतं. आनंद झाला याची लाज धरू नकोस, हे मोठा भाऊ म्हणून सांगतो. बाकी काही सांगायचा अधिकार या महिन्यात तरी मला उरलेला नाही.

वहिनीला काल सगळं सांगितलं. ती उठून ओटा पुसायला लागली. मग वर्षाच्या आतलं-बाहेरचं मी बघते म्हणाली आणि तुझ्या नोकरीचा शिरा केला. आम्ही दोघांनी खाल्ला. इराच्या वाटणीचा झाकून ठेवलाय.

लिहीत जा, आणि जे असेल ते लिहीत जा. मीही तसंच लिहीन.

तुझा,
दादा