टेकू न लावलेली सुडी

हेरफर्ड, हॉस्पिटल
१८ ऑगस्ट १९५१

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

पाय प्लास्टरात आहे, पण जीभ मोकळी आहे, हवं तर इथल्या नर्सबाईंना विचार.

गहू कापून झाल्याचं तुझ्या आईने कळवलं. पेंढ्यांची सुडी शेजारच्या ग्विलियमला रचू दे. वाकडी रचेल, पण टेकू लावून उभी करेल. मी तीस वर्षं रचली, एकदाही टेकू लावला नाही. रस्त्यावरून जाणारा आपलं घर त्या सुडीवरूनच जोखतो. आता हा पाय शिडी चढणार नाही, आणि आपल्याला मुलगा नाही. शेत सोडतो असं जमीनमालकाला लिहिलेलं पत्र उशीखाली ठेवलंय. सत्तावीस तारखेला टाकीन. रागावू नकोस, बाळ.

तुझा बाप,
एमॉस प्रिचर्ड

*

२२ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ते पत्र पेटीत टाकण्याआधी हे वाचा. सुडी मी रचली!

पहाटे पाचला दूध काढलं, डबे फाटकाशी ठेवले, तोवर ग्विलियमकाका गाडी घेऊन हजर. रचणार मी म्हटल्यावर म्हणाले, की मग बघायला तिकीट लावू. दहापर्यंत सुडी माझ्या डोक्याएवढी झाली. गुडघ्यांवर फिरून फिरून कातडं सोललं. पाव-बेकन खायला खाली उतरले आणि मागे वळून बघते तो काय, सुडी गोठ्याकडे कललेली! कडा सरळ ठेवण्याच्या नादात मधला भाग भरायचाच राहिला होता. तुम्ही शंभरदा बजावलं होतं, तरी मी माती खाल्ली.

काका तर खूशच. प्रिचर्डच्या अंगणात टेकू बघायला आपण तीस वर्षं थांबलोय म्हणाले, आणि शेडमधला ओकचा वासा घेऊनच आले. आभाळ भरून आलं होतं. आईही म्हणाली, की लाव बाई एकदाचा. मला रडू कोसळलं. तशीच वर चढले आणि पेंढ्या खाली फेकायला लागले, पार चौथ्या थरापर्यंत. पोरगी बापासारखीच हेकट आहे म्हणून काका बोंबलले, आणि बोंबलता बोंबलता त्यांनीच लांब दांड्याचा काटा उचलून पेंढ्या वर द्यायला घेतल्या बरं का. संध्याकाळच्या गाई आईने एकटीने पिळल्या. साडेसातला शेंडा बसला, ताडपत्री ओढली आणि पाऊस आला. काकांनी भिजत सुडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि वासा चक्क परत शेडमध्ये ठेवून घरी गेले!

लोभ आहेच, तो त्या पत्रापेक्षा जास्त असू द्या.

तुमची,
हेस्टर

*

२५ ऑगस्ट

चि. हेस्टर हिस,
अ. उ. आ.

काल ग्विलियम येऊन गेला. सुडी चारी बाजूंनी पाहिली, कुठे खोट काढता येईना, अशी तक्रार करत बसला होता. मी ती तक्रार त्याच्याकडून तीनदा वदवून घेतली. पलीकडच्या खाटांवरच्यांनाही ऐकू जायला हवी ना!

मालकाचं पत्र फाडलं. दुसरं लिहिलंय, की शेताच्या करारावर माझ्या नावाशेजारी माझ्या मुलीचं नाव घालावं. मुलगा नाही असं मी लिहिलं होतं, ते विसर. म्हाताऱ्याला अक्कल उशिरा येते.

आणि तो ओकचा वासा माझ्या कमरेइतका कापून, तासून पाठव. त्याची काठी करतो. आपल्या घरात टेकू लागणार आहे तो फक्त मला.

तुझ्या आईला सांग, मी रडलो नाही. नर्सबाई काही म्हणाल्या तर त्या खोटं बोलतात.

तुझा अभिमान मावत नाही असा,
बाबा