कावळ्यांविरुद्ध तक्रार

३ नोव्हेंबर, नेवासा

सर्व संबंधितांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, येथील कावळे पक्षपाती आहेत. सकाळच्या जेवणाआधी प्रत्येकाने भाकरीचा पहिला घास अंगणाच्या भिंतीवर आपापल्या जागी ठेवायचा, अशी या घराची रीत. कावळे येतात, ओळीने सगळ्यांचे घास उचलतात आणि माझा तेवढा सोडून उडून जातात. अर्धं आयुष्य हायस्कुलात संस्कृत शिकवलेल्या माणसाचा हा अपमान मी येथे नोंदवून ठेवतो.

बाकी सगळं झकास. परवा कल्याणने, माझ्या धाकट्या भावाने, पारनेरहून गाडीने आणून सोडलं. हा दवाखाना नव्हे. मनाच्या आजारातून सावरलेल्या, पण खिसा आणि गणगोत दोन्ही आटलेल्या माणसांसाठी एका संस्थेने चालवलेलं हे घर आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे, फाटक दिवसभर उघडं. ज्योतीताई सगळं पाहतात, गोळ्या हातावर ठेवतात. मला वर्गात मागच्या बाकावरून नसलेली मुलं बोलताना ऐकू यायची. ती आता गप्प आहेत. खरं तर असलेल्या मुलांपेक्षा त्यांचंच शिकवण्याकडे जास्त लक्ष असे.

पुतणीचं, दिशाचं, लग्न डिसेंबरात. नाना, मंगलाष्टकं तुम्हीच रचायची आणि तुम्हीच म्हणायची, असं तिने मला बजावलंय. घरात कोणाला सांगायचं नाही, हा आमचा दोघांचा करार. दोन श्लोक झाले, ते निघण्याआधी तिच्या वहीत उतरवून दिले. वरपक्षाला माझ्या आजाराचं अजून कळवलेलं नाही. योग्य वेळी सांगू, असं कल्याण म्हणाला.

७ नोव्हेंबर

खोलीतला जोडीदार गोरक्षनाथ, पाथर्डीकडचा. पूर्वी ऊसतोडीला जायचा. अंगापिंडाने दणकट, पण भाकरी अर्धी टाकून उठतो.

घरामागच्या उताराखाली प्रवरा, आणि तिथेच दशक्रियेचा घाट. त्यामुळे कावळ्यांना तोटा नाही. सकाळी वारा इकडचा असला की घाटावरच्या स्पीकरवरून श्रद्धांजल्या ऐकू येतात. प्रत्येक मेलेला मनमिळावू. भांडखोर माणसं या तालुक्यात मरतच नसावीत.

स्वयंपाक मालनबाईंचा. त्यांच्याकडे मी कावळ्यांची तक्रार नेली. वाटलं, हसतील. न्हाई शिवला त्येच बरं हाय गुरुजी, असं म्हणाल्या आणि पुन्हा परातीत पीठ मळू लागल्या.

१२ नोव्हेंबर

गोरक्षनाथने आज उलगडून सांगितलं. त्याचा आजार वाढला तेव्हा घरच्यांनी गावात सांगितलं, की तो कोल्हापूरकडं तोडीवर असतानाच गेला, तिकडंच सगळं उरकलं. मग रीतसर दहावाही घातला. बहिणीची सोयरीक अडली हुती, त्यांचं काय चुकलं, असं वर तोच म्हणतो. इथल्या सगळ्यांचं असंच झालंय म्हणे. ज्याचा दहावा झाला, त्याच्याच घासाला कावळा शिवतो. गावात सांगितलं तवापासून भूक कमी कमी हुत गेली, आणि कावळा शिवला त्या दिवशी संपलंच. ऊन लागंना, राग येईना. लई सोपं जातं गुरुजी, असं म्हणाला.

मी त्याला शास्त्र सांगितलं. जिवंत माणसाची क्रिया चुकून झाली आणि तो परत आला, तर त्याला तुपाच्या रांजणात बुडवून काढावं आणि बारशापासून सगळे संस्कार पुन्हा करावेत. तुझ्या देहाला रांजण पुरायचा नाही, डेअरीचा टँकरच मागवावा लागेल, म्हटलं. तो हसला. आवाज मात्र आला नाही.

ज्योतीताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, गोळ्यांनी कधीकधी असं बधिर वाटतं, डॉक्टर आले की डोस बघू. पटण्यासारखं आहे. मी पटवून घेतलं.

१८ नोव्हेंबर

कल्याण फोन उचलत नाही. शेवटी ज्योतीताईंनी आपल्या फोनवरून लावला. कोणा पाहुण्याने उचलला. भागवत गुरुजींबद्दल बोलायचंय म्हटल्यावर तो म्हणाला, ते तर गेले ना.

नेवाशाला गेले, असंच म्हणायचं असेल त्याला, असं ज्योतीताई म्हणाल्या. मीही मान डोलावली. गम् धातू, भूतकाळ, ‘कुठे’ ते अध्याहृत. संस्कृतातही हीच पंचाईत. नुसतं ‘गत’ म्हटलं, तर माणूस बाजारातही असू शकतो.

संध्याकाळी भिंतीवरचा माझा घास पाहून आलो. तसाच होता, वाळून कडक. कुठल्याही भाकरीने मला इतकं बरं वाटलं नव्हतं.

२३ नोव्हेंबर

चहा गरम आहे की गार, हे वाफेवरून ठरवावं लागतं. गुरुजी, बोट भाजलं की तुमचं, असं मालनबाई ओरडल्या. पाहिलं तर फोड आलेला. डॉक्टरांनी डोस कमी केलाय. फरक नाही.

आज एक कावळा माझ्या घासाजवळ बसला. मान वाकडी करून पाहिलं. घाटावर असं झालं की लोक हात जोडून मेलेल्याची राहिलेली इच्छा मोठ्याने बोलतात, ती पुरी करू म्हणून शब्द देतात. मग शिवतो.

उडाला. नाही शिवला.

माझी राहिलेली इच्छा एकच. ती दिशाशिवाय कोणाला माहीत नाही. म्हणजे काळजी नाही.

चौथा श्लोक अडलाय. वधूला विशेषण सुचत नाही.

२८ नोव्हेंबर

वारा इकडचा. घाटावर कोणीतरी फार मनमिळावू होतं. पारनेरहून आलेली मंडळी — एवढं स्पष्ट. नाव ऐकू आलं नाही. गावापासून लांब, इथे कशाला —

मागच्या बाकावरची मुलं असतील. ज्योतीताई नगरला गेल्यात, नाहीतर त्यांनाच विचारलं असतं. गोरक्षनाथला विचारलं, तुलाही ऐकू येतंय ना. तो म्हणाला, मला समद्यांचंच ऐकू येतं.

थोड्या वेळाने

कल्याणचा आवाज. खात्रीने त्याचाच. मग बराच वेळ काही नाही. खाली कावळा शिवत नसणार.

माझ्या घासाजवळ एक येऊन बसलाय. थांबलाय.

आता मुलगी बोलतेय. नाना, तुमचीच मंगलाष्टकं म्हणू. वहीत आहेत तेवढी तरी — रडतेय —

घास उचलला.

नंतर

म्हणजे तिलाही तेच सांगितलंय. तिला खरंच वाटतंय.

फाटक उघडं आहे. घाट उतारालाच. गेलो, तर सगळ्यांसमोर तिचं लग्न मोडतं. न गेलो, तर —

तुपाच्या रांजणाचं आठवलं. हसू यायला हवं होतं.

मरणाचं काही नाही. खरंच नाही. काळजी एवढीच, की दिशा तिथे माझ्यासाठी रडतेय, मला इथे ऐकू येतंय, आणि मला काहीच — काहीच वाटत —