मला वर्ज्य असलेली पाठशाळा

मंगळवार, सायंकाळ. मोशी.

देह श्रांत, मन त्याहून. आज चाकणच्या कारखान्यात वेल्डिंगचा रोबोट थांबला. प्रशिक्षणाधिकारी या नात्याने मी पुस्तिकेसह प्रकट होईपर्यंत ऑपरेटर सलीमने तो सुरूही केला होता! गुरू कोण? कामगारांचा व्हॉट्सॲप ग्रुप. माझ्या वर्गात अखंड निद्रासाधना करणारे हे शिष्योत्तम तिथे एकमेकांना शिकवतात.

"मलाही घ्या की त्यात," मी म्हणालो.

सलीमने फोन हळूच खिशात घातला. "राग नका मानू साहेब, पण तुम्ही आलात की स्वतःची चूक तिथं कोण सांगणार?"

यथार्थच. तरी खिशात गेलेला तो फोन डोळ्यांपुढून हलत नाही. त्या रोबोटातले निम्मे मलाही उमगत नाही. ते मी कोणाला विचारावे?