दम्याचा दाखला

बाबा, रविवारी सकाळी तुम्ही ओट्यापाशी वर्तमानपत्र पसरून गणवेशाचं पितळ घासायला बसायचात आणि मी शेजारी पाटावर बसून पट्ट्याचं बकल उजळायचे. कॉलेजात तेव्हा मुलांना कवायत सक्तीची होती. गणित शिकवून वर तीही तुम्हीच घ्यायचात. अशाच एका रविवारी एक बाई मुलाच्या दम्याचा दाखला घेऊन आल्या. मुलाला कळू देऊ नका म्हणाल्या. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि दाखला परत केलात. त्या गेल्यावर मी फुरंगटून म्हणाले, सूट दिली असती तर काय बिघडलं असतं? तुम्ही मान वर न करता विचारलंत, "मुलाला विचारलंय का त्यांनी?" मला तुम्ही फार कठोर वाटलात.

आता ऐका. सिंगापूरला यांची नोकरी लागली तेव्हा माझा मुलगा दोन वर्षांचा होता. शाळा, घर सोपं जाईल म्हणून आम्ही त्याच्यासकट कायम रहिवासाचे कागद केले. मुलगा अठराचा झाला की दोन वर्षं सैन्यात, ही अट त्यातच होती. यांच्या ऑफिसातल्या सगळ्या मराठी मंडळींनी तेच केलं होतं. तोवर कोण राहतंय इथे, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. पुढे मला इथे लंडनला, हॅरोच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली, अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन मी आले, हे तिथेच राहिले.

गेल्या वर्षी त्याच्या नावाचं सिंगापूरहून सैन्याचं पत्र आलं. गेला नाही तर तिथे गुन्हा, आणि पुन्हा पाऊल ठेवलं तर अटक. त्याला ब्रिस्टलला विमानाच्या इंजिनीअरिंगला जागा मिळाली होती. ते पत्र मी फोडलं. सहा वर्षांचा असताना त्याला दम्याचा शेवटचा झटका आला होता, त्याचा दाखला डॉक्टरांकडून घेतला आणि सूट मिळावी अशी विनंती लिहून आई म्हणून सही केली. त्याला सांगितलं नाही. मग सहा आठवडे रोज टपालाच्या आवाजाला त्याच्या आधी जिना उतरत होते. एका शनिवारी मी आंघोळीत होते.

खाली येते तर तो टेबलाशी बसलाय, उत्तर समोर उघडं.

"आई, मला अस्थमा आहे?"

लहानपणी होता, म्हणाले.

"काल मी टेन के पळालो." आवाज अजिबात चढला नव्हता, तेच सोसवेना. "मला कोणी विचारला नाही. तुम्ही फॉर्म भरला तेव्हा नाही, आत्ता पण नाही."

जो देश आपला नाही त्याला दोन वर्षं का द्यायची, असं मी बरंच काही बोलले. त्यानं टोस्टला लोणी लावलं, कडेपर्यंत, सावकाश.

"बाबा तिथे आहेत. ते आजारी पडले तर मी काय करू, फोन करू?"

सोमवारी त्यानं तिकडे फोन करून दाखला जुना असल्याचं सांगितलं. मला शेजारी बसायला लावलं होतं. मी बसले. तुमच्याकडून उठून गेलेल्या त्या बाई घरी जाऊन काय म्हणाल्या असतील, हे मला त्या दहा मिनिटांत पहिल्यांदा सुचलं.

तो जाऊन तीन आठवडे झाले. ब्रिस्टलची जागा दोन वर्षं राखून ठेवलीय. रविवारी फोन येतो, झोप लागते का विचारलं की लागते म्हणतो, आणि मागे कुणीतरी ओरडत असतं. बंदुकीबद्दल मी विचारत नाही.

हे पत्र वहीतच राहील. जाताना तो फ्रिजवर यादी लावून गेलाय. सायकल शेजारच्या मुलीला. फिजिक्सची पुस्तकं शाळेला. गिटार मित्राला, पण उसनी. जाड कोट चॅरिटी शॉपला, परत येईन तेव्हा तो मला होणार नाही. सगळं ज्याचं त्याला पोचवलं. कोट घेऊन दुकानाच्या दारापर्यंत गेले, बाबा, आणि अंगात घालून परत आले.