याडीचा आधार कोणी लावला?

दिग्रस, जुलै, मंगळवार संध्याकाळ

इन्कम टॅक्सचं रिटर्न परत आलं. नेट कॅफेवाला म्हणे, "तुमच्या आईचा आधार नंबर आधीच दुसऱ्या कोणाच्या रिटर्नमध्ये लागून आहे." याडीले, म्हणजे माझ्या आईले, दिसत नाही; तिच्या अपंगत्वाची टॅक्समधली सूट दरवर्षी मी घेतो. मग हा दुसरा कोण? कॅफेवाल्यानं आधारचा मोबाइल नंबर तपासला. शेवटचे आकडे माझे नव्हते. माझाच नंबर होता ना तिथं? बदलला कोणी? आंधळ्या बाईले आधार केंद्रावर नेऊन अंगठा घेतल्याशिवाय नंबर बदलत नाही. म्हणजे कोणीतरी मुद्दाम नेलं.

मले वाटलं, आर्णीचा माझा भाऊ देविदास. फोन लावला तर माझ्यावरच भडकला. "मी कायले टाकू माझा नंबर? याडी दिवाळीपासून कमलकडे आहे, हे तुले माहीत नाही?"

माहीत आहे. मीच धाडली होती तिले बहिणीकडे, महागावले. कापसाच्या जिनिंगमध्ये मले हंगामात हिशेबाची धावपळ असते म्हणून. यंदा कापूसच आला नाही, जिनिंग लवकर बंद पडलं. पण त्या नंबरचं काय?

कमलले विचारलं, सूट तू घेतली? "हो," म्हणे, आणि फोन सरळ याडीकडे दिला.

"नंबर म्याच बदलवला," याडी म्हणाली. "केंद्रावरच्या पोराने विचारलं, कोणाचा टाकू? म्या म्हटलं, जी माझा फोन उचलते तिचा."

हे कमलनंच शिकवलं असेल. नाहीतर काहून बोलली असती अशी?

उद्या रिटर्न दुरुस्त करून पुन्हा भरायचं. कॅफेवाला विचारेल, तुमच्यावर अवलंबून कोण? कोणीच नाही, असं सांगा लागते आता.